फोडणीआधी एक वाटी

कोकणातल्या स्वयंपाकघराइतकं काटेकोर वेळापत्रक सरकारी कचेरीतही सापडणार नाही. सोमवारी मासे नाहीत, कुणाकडे गुरुवारी नाहीत, कुणाकडे शनिवारी. संकष्टी वेगळी, एकादशी वेगळी. श्रावण पाळणारे आणि न पाळणारे एकाच छपराखाली जेवतात. आजोबांच्या गळ्यात माळ असेल तर त्यांच्या भाकरीचा तवा निराळा. कालवणातली पळी चुकून वरणात बुडाली तर ते वरण त्यांच्यापुरतं संपलं. काशीला जाऊन आलेल्या आजीने कारलं सोडलेलं असतं आणि त्यानंतर ते तिच्या पानात कुणी वाढत नाही. या सगळ्याची वही कुठेच नसते. घरातल्या बाईच्या डोक्यात ती असते आणि सगळा गाव तिचा मान राखतो.

याच घरात सहा वर्षांच्या मुलाला कोळंबी चालत नाही असं सांगितलं, की सगळ्यांना शंका येतात. "काय एक होवचा नाय गो, जरा चाखान तर बघूं दे." सांगणारी बहुधा मुलाची आई असते, म्हणजे घरातली सून, म्हणजे तिच्या शब्दाला आधीच निम्मी किंमत. त्यातून मुलगा वासानेच ताट ढकलणारा, पेजेत एक शीत जाड लागलं तरी थुंकणारा असेल, तर तिची उरलीसुरली पतही जाते. हिनेच लाडावून ठेवलाय! माझं म्हणणं असं, की ज्या समाजाला देवासाठी वेगळी पळी ठेवता येते त्याला ती मुलाच्या शरीरासाठीही ठेवता येईल. आणि ती एकट्या आईच्या हातात राहून भागणार नाही. शाळेत, अंगणवाडीत, मंडळाच्या पंगतीत आणि आरोग्य उपकेंद्रातही ती लागेल.

घोळ सुरू होतो तो कशाला अ‍ॅलर्जी म्हणायचं इथूनच. बांगडा खाल्ल्यावर घरातल्या चौघांचे चेहरे लाल झाले, डोकी ठणकली, तर ती बहुतेक अ‍ॅलर्जी नसते. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात किंवा तारलीत हिस्टामिन साठतं, ते शिजवून जात नाही, आणि ज्यांनी ज्यांनी तो मासा खाल्ला त्यांना कमीअधिक त्रास होतो. हापूसच्या देठाचा चीक लागून ओठांवर फोड येतात, ते प्रकरणही वेगळं. ती कातडीची प्रतिक्रिया, बऱ्याचदा एकदोन दिवसांनी उमटणारी. आंबा नीट धुऊन, सोलून दिला की बहुतेकांचं भागतं. दूध न पचल्यामुळे पोट गुरगुरतं तेही निराळं.

खरी अन्नाची अ‍ॅलर्जी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने एखाद्या साध्या प्रथिनाला शत्रू ठरवणं. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ नि पापण्या सुजतात, उलट्या होतात, खोकला येतो, श्वासाला घरघर लागते. कोळंबी, खेकडा, जवळा यांतलं प्रथिन उकळून, तळून, वाळवूनही टिकतं. काहींना तर कोळंबी शिजतानाची वाफसुद्धा पुरते. जवळ्याची चटणी तव्यावर परतत असताना त्या मुलाला 'खाऊ नको, नुसता बस' म्हणण्यात म्हणूनच अर्थ नसतो. माशातलं त्रासदायक प्रथिन याहून वेगळं. त्यामुळे कोळंबी न सोसणारं मूल पापलेट मजेत खाऊही शकतं, पण खानावळीत दोन्ही एकाच रव्याच्या परातीत घोळतात आणि एकाच तेलात पडतात. काजूचं तर विचारूच नका. सिंधुदुर्गात तो घरचा. ओल्या काजूची उसळ, वाटणातला काजू, प्रसादाच्या मोदकातला काजू, पाहुण्याने जाताना मुलाच्या मुठीत कोंबलेला काजू. ज्याला तो बाधतो त्याला बहुधा पिस्ताही बाधतो, दोघांचं कूळ एकच.

अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे आमसुलाचं पाणी चोळतात. खाजेला त्याने बरं वाटत असेल. घशाला सूज येत असेल तर तो वेळ फुकट गेला.

दुसऱ्या गोष्टीवर विश्वास बसणं आणखी कठीण, कारण ती अंगावर उठून दिसत नाही. काही मुलांना स्पर्श, वास, आवाज आपल्यापेक्षा कितीतरी मोठे जाणवतात. सोलकढीतला कोथिंबिरीचा कण, आमटीतला कढीपत्ता, भेंडीचा बुळबुळीतपणा, कुळथाच्या पिठीतली गुठळी, बांगड्याच्या तिकल्यातल्या तिरफळाची जिभेवरची झिणझिण. भाजलेल्या सुकटीच्या ज्या वासाने आपली भूक चाळवते त्याने त्या मुलाला ओकारी येते, आणि ती खरीच असते. माशाचा काटा एकदा टोचला की पुढची दोन वर्षं मासा बंद. आपलं जेवणही असं, की सगळं एकमेकांत कालवायचं. कालवण आणि भात ताटात एक झाले नाहीत तर जेवल्यासारखं वाटत नाही, आणि या मुलांना नेमकं तेच नको असतं. भात इथे, आमटी तिथे, मध्ये मोकळी जागा. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांमध्ये हे बरंच आढळतं, पण एरवी सगळ्या बाबतीत चारचौघांसारखी असलेली मुलंही अशी असतात. याच्या टोकाला गेलेल्या, वजन-वाढ बिघडवणाऱ्या प्रकाराला अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये एआरएफआयडी (खाणं टाळण्याचा, मोजकंच खाण्याचा विकार) असं स्वतंत्र निदान दिलं. मुलाला बारीक व्हायचं नसतं, रूपाचा काही संबंध नसतो. ते खाऊच शकत नाही.

दोन ते सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना नवा पदार्थ संशयास्पद वाटतो आणि तो संशय आपोआप ओसरतो, हे खरं. म्हणून गावातल्या प्रत्येक अनुभवी आजीकडे एक यशस्वी उपाय असतो. "उपाशी ऱ्हवांदे एक दिस, गपचूप खायत." साध्या हट्टी मुलावर तो चालतोही. ज्याचा जीव वासानेच घुसमटतो ते मूल उपाशी राहतं, चिडचिडं होतं, संध्याकाळी आणखी कमी खातं. नाक दाबून घातलेला घास तर पुढच्या घासांचाही वैरी. ज्यांनी अशा मुलांसोबत काम केलंय ते सांगतात की नवा पदार्थ ताटाच्या कडेला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा नुसता येऊन गेला पाहिजे. हात लावला तरी ठीक, नाही लावला तरी ठीक. कुणी टक लावून बघायचं नाही. आपल्या घरांमध्ये यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, कारण जेवणाऱ्या मुलाकडे बघणं हा मोठ्यांचा करमणुकीचा कार्यक्रम असतो.

आता पाकिटांबद्दल. 'घरचं सोडून पोराला बिस्किटं चारता' हा टोमणा अशा प्रत्येक आईने खाल्लेला आहे, आणि तो मारणाऱ्याला आपण आरोग्याची बाजू घेतोय असं वाटतं. थोडा विचार करा. आंबोळीचं पीठ एप्रिलच्या उकाड्यात रात्रीत उतू जातं आणि आषाढातल्या गारव्यात सकाळपर्यंत हलत नाही. नवा तांदूळ चिकट होतो, जुना मोकळा. खोबऱ्याचा रस कधी दाट, कधी पातळ. ज्याला आपण आईच्या हाताची चव म्हणून गौरवतो, त्यात रोजचा थोडा थोडा फरक धरलेलाच असतो. या मुलाला तो फरक भोवतो. बिस्कीट मात्र कालचं आणि आजचं सारखं, पुड्यातलं पहिलं आणि शेवटचं सारखं. त्याच्या दृष्टीने ते जगातलं सगळ्यात प्रामाणिक खाणं! शिवाय पाकिटावर मजकूर असतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल-नियमांनुसार दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडावर्ग, शेंगदाणे, काजू-बदामवर्गीय फळं, सोयाबीन, ग्लूटेन असलेली धान्यं यांचा उल्लेख करावा लागतो. तो सक्तीने असतो इंग्रजीत किंवा हिंदीत, मराठी ऐच्छिक, आणि अक्षरं मुंगीएवढी. तरीही काही नसण्यापेक्षा बरं. आपल्या बचत गटांच्या लाडवांवर, पिठांवर एवढंही क्वचितच सापडतं, आणि गावच्या खानावळीला तर हा नियम जवळजवळ शिवतच नाही. उपाहारगृहांनी अ‍ॅलर्जीची माहिती देण्याची सक्ती आहे ती केंद्रीय परवाना असलेल्यांना किंवा दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांना.

बिस्किटांवर मूल वाढत नाही, हे मलाही कळतं. कोकणात या मुलांना मानवणारं बरंच आहे: मऊ आटवल, पातळ पेज, बिनजाळीचं घावन, नुसते शिरवाळे. पण रोज तेच पीठ मोजून, तोच तवा, तीच जाडी, असा कारखाना चालवावा लागतो. तो चालवणाऱ्या बाईला शेतावरही जायचं असतं.

अ‍ॅलर्जी आणि हा वास-स्पर्शाचा त्रास, या दोन्ही गोष्टी एकाच मुलात आल्या की खरी कोंडी होते. एक वैद्य सांगतो, अमुक पदार्थाचा कणसुद्धा नको. दुसरा सांगतो, ताटात जितकं नवं येईल तितकं येऊ द्या. मूल खातं पाच पदार्थ, त्यातले दोन काढून टाकायचे. आणि याहून वाईट म्हणजे, जे मूल दिवसातून दहा वेळा 'नको' म्हणतं त्याचं अकरावं 'नको' कुणी ऐकत नाही. लहान मुलं 'माझ्या घशाला सूज येतेय' असं सांगत नाहीत. ती म्हणतात जीभ टोचते, तोंडात मुंग्या आल्या, हे तिखट आहे; किंवा काहीच न बोलता जीभ खरवडतात, कान ओढतात, घास थुंकतात. बोलणं उशिरा आलेलं मूल तर रडण्यापलीकडे काय करणार? ते नेहमीचे नखरे समजून दुसरा घास भरवला जातो. म्हणून माझ्या मते अशा मुलाला जबरदस्तीने भरवणं हा निव्वळ संगोपनाच्या शैलीचा प्रश्न राहत नाही. त्याची ती एकुलती एक धोक्याची घंटा असते आणि भरवणारा ती काढून घेतो.

उलट टोकाला जाणारी घरंही वाढताहेत, त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे. तालुक्याच्या गावात अ‍ॅलर्जीच्या तपासणीसाठी रक्त द्यायचं, पुण्या-मुंबईहून शंभर पदार्थांचा तक्ता येतो, त्यात वीस ठिकाणी लाल खूण. मग गहू बंद, दूध बंद, वांगं बंद, नारळ बंद. कोकणात नारळ बंद म्हणजे काय उरलं? रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) सापडणं आणि तो पदार्थ खाऊन प्रत्यक्ष त्रास होणं यांत फार अंतर आहे. बंगळुरू-म्हैसूर भागातल्या प्रौढांच्या एका पाहणीत २६ टक्क्यांहून अधिक जणांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडं होती; खरी अ‍ॅलर्जी असणारे निघाले सुमारे १.२ टक्के. आधीच पाच पदार्थांवर जगणाऱ्या मुलाच्या हाती असा तक्ता म्हणजे कुपोषणाला आमंत्रण. स्वमग्नता 'बरी' करण्यासाठी गहू-दूध तोडणाऱ्या आहारांचंही तेच. त्यामागे भक्कम पुरावा नाही. कोणता पदार्थ, किती खाल्ला, किती वेळाने काय झालं, हे लिहिलेली वही तपासणीच्या आधी डॉक्टरपुढे गेली पाहिजे. आणि काही वर्षांनी पुन्हा तपासून घेतलं पाहिजे, कारण दूध-अंड्याची अ‍ॅलर्जी अनेक मुलांची वाढत्या वयात जाते. काजू, शेंगदाणा, कोळंबीची सहसा राहते.

'सवयीने जाईल' म्हणणाऱ्यांच्या हाती एक आधार मात्र आहे. २०१५ साली ब्रिटनमधल्या ६४० बाळांच्या अभ्यासात दिसलं, की शेंगदाणा लांबवण्याऐवजी पहिल्या वर्षातच योग्य रूपात सुरू केला तर त्याची अ‍ॅलर्जी होण्याचं प्रमाण खूपच घटतं. पण ते अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून. झालेल्या मुलाला काकाने गंमत म्हणून शेंगदाणा चाखवणं ही त्याची पुढची पायरी नव्हे.

मग आक्षेप येतो: अशी मुलं असतात तरी किती? थोडी, नक्कीच थोडी. एका जिल्हा परिषद शाळेत एखादं, कधी एकही नाही. म्हणूनच तर त्यासाठी मोठी योजना मी मागत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार शाळेतलं दुपारचं जेवण हा मुलाचा हक्क आहे. पहिली ते पाचवीसाठी त्यात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. 'तुमच्या मुलाचा डबा तुम्हीच द्या' असं सांगितलं की शिक्षकाचं काम संपतं आणि मुलाचा हक्कही. ज्या घराला तो डबा परवडतो तिथे हा प्रश्न मिटला. ज्या घरात दोघंही काजूच्या बागेत किंवा होडीवर मजुरीला जातात, तिथे ते मूल दुपारी उपाशी बसतं. राज्यात शालेय आहारात अंडं आलं तेव्हा न खाणाऱ्यांसाठी केळं ठेवलं गेलं. कुणाचं घर काय खातं याची नोंद ठेवणं शाळांना जमलं. कुणाचं शरीर काय सोसत नाही याची ओळ त्याच वहीत बसते.

स्वयंपाकी ताईंवर आणखी ओझं टाकू नये, हा आक्षेप मला जास्त मान्य आहे. तुटपुंजं मानधन, दोन शेगड्या, लाकडं ओली, पावसात छप्पर गळतं. त्यांना दुसरा पदार्थ रांधायला सांगणं अन्यायाचं होईल. पण खिचडीला फोडणी घालण्याआधी, सोयाबीन वड्या आणि शेंगदाणे पडण्याआधी, एक वाटी मऊ भात-डाळ स्वच्छ पळीने बाजूला काढणं त्यांना जमतं. ज्या मुलाला शेंगदाणा बाधतो त्याचं त्यात भागतं आणि ज्याला मोहरीचा दाणा दाताखाली सहन होत नाही त्याचंही. व्हरांड्याच्या कडेला, भिंतीशी पाठ करून बसायची जागा दिली, ताट संपवण्याची सक्ती काढली, तर बरंच झालं. पाव शतकापूर्वीच्या मास्तरांनी पान टाकणाऱ्याच्या कानाला हात घातला असता. तो काळ गेला हे बरं.

इथे माझ्याच सुरुवातीच्या दाखल्याला एक काटा आहे. वेगळी पळी, वेगळं भांडं, वेगळी पंगत यांचा आपल्या गावांमधला इतिहास निव्वळ भक्तीचा नाही. कोण कुणाशेजारी बसणार, कुणाला ओंजळीत पाणी मिळणार, हे याच सोवळ्याने ठरवलं, आणि मुलांनी एका रांगेत बसून एकच अन्न खावं यात शालेय आहाराची मोठी कमाई आहे. त्यामुळे वेगळेपणा वाटीपुरताच ठेवायचा. ताट तेच, रांग तीच, वाढणारा हात तोच. शिक्षकाने वर्गाला दोन वाक्यांत कारण सांगितलं तर मुलं चटकन समजतात. काजूची चिक्की याला द्यायची नाही, हे मोठ्यांपेक्षा पोरं जास्त इमानाने पाळतात. लपवाछपवी केली की मात्र चिडवाचिडवी सुरू होते.

गणपतीत तर घराचं बंधनही सुटतं. चाकरमानी येतात, दहा घरांची आरती, दहा घरांचा प्रसाद, भजनाला उसळ-पाव, आणि प्रत्येक हातात काहीतरी ठेवलेलं. प्रसादाला नाही म्हणता येत नाही, अशी आईची अडचण. वाडीतल्या एखाद्या मोठ्या माणसाने पहिल्या आरतीलाच 'या पोराला केळं किंवा खडीसाखर द्या' असं मोठ्याने सांगून टाकलं, की पुढचे पाच दिवस तिला तोंड वाजवावं लागत नाही. हे सांगण्याचं काम बापाने, काकाने करावं. सुनेने सांगितलं की तो तिचा फाजीलपणा होतो, पुरुषाने सांगितलं की नियम. हे अन्यायाचं आहे, पण निदान उपयोगाचं तरी आहे.

उरला सगळ्यात तातडीचा भाग. श्वास अडकला, मूल पांढरं पडलं, तर औषध एकच, अ‍ॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. अ‍ॅलर्जीची गोळी खाजेला ठीक, ती जीव वाचवत नाही. परदेशात पालकांच्या खिशात असणारी स्वयंचलित इंजेक्शनं आपल्याकडे सहजी मिळत नाहीत, पण साधी कुपी स्वस्त असते. वीस किलोच्या मुलाला त्यातलं ०.२ मिलिलिटर लागतं. पहिला झटका ओसरल्यावर काही तासांनी दुसरा येऊ शकतो, म्हणून दवाखान्यात थांबावं लागतं. आणि दवाखाना कुठे? सिंधुदुर्गातले पेशंट अजूनही गोव्यात, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. १०८ ला फोन लागला तरी गाडी घाटी-वळणांतून वाडीपर्यंत येईतो जो वेळ जातो, तो अशा मुलाकडे नसतो.

मात्र ती कुपी गावात येत नाही असं नाही. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत येणाऱ्या नर्सबाईंच्या सामानात अ‍ॅड्रेनॅलिनचं किट असतं, लसीची तीव्र प्रतिक्रिया आली तर म्हणून. कोरोनाच्या लशीनंतर आपल्याला अर्धा तास बसवून ठेवत ते याच भीतीने. द्यायचं कसं हे नर्सबाईंना शिकवलेलं आहे. ज्या गावात निदान झालेलं मूल आहे तिथल्या उपकेंद्रात ते किट रोज असावं, मुदत तपासली जावी, डॉक्टरने त्या मुलासाठी लिहून दिलेला कागद शाळेत आणि उपकेंद्रात दोन्हीकडे लावलेला असावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन मुलं तपासतं. त्याच्या आजारांच्या यादीत स्वमग्नता आहे, अन्नाची अ‍ॅलर्जी नाही. यादी बदलेल तेव्हा बदलेल. तोवर पथकातल्या डॉक्टरांनी प्रत्येक आईला 'काही खाऊन याच्या अंगावर उठलंय का, श्वास लागलाय का' एवढं विचारावं आणि उत्तर हो असेल तर त्या गावच्या नर्सबाईंना त्याच दिवशी कळवावं.